दुसऱ्याच्या नावाचे ओळखपत्र

पॅलेस्टाईन हा विषय आपल्याकडे आला तो मुख्यतः कवितेतून. ज्या घरात उर्दू वाचली जाते त्या घरात फैज अहमद फैज यांनी फिलस्तीनी मुलासाठी लिहिलेली लोरी कोणाला तरी ठाऊक असतेच. फैज बैरुतमध्ये राहून 'लोटस' या नियतकालिकाचे संपादन करीत होते, त्या काळातली ती नज्म. महमूद दरवेश यांची 'ओळखपत्र' ही १९६४ सालची कविताही उर्दूवाल्यांना परकी नाही. मुशायऱ्यात फिलस्तीन हा शब्द उच्चारला की दाद मिळते. शेर कसा आहे ते नंतर पाहिले जाते, आणि पुष्कळदा पाहिलेच जात नाही. आपल्या मराठी अंकांतूनही गाझावरच्या कविता येत असतात. त्यांतला आक्रोश खरा असतो याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यांतला माणूस बहुधा एकच असतो: हातात दगड घेतलेला मुलगा, किंवा प्रेताजवळ बसलेली आई. तो मुलगा शाळेत कोणत्या विषयात कच्चा होता, त्या आईचे सासूशी पटत होते की नाही, हे आपल्याला कधी कळत नाही.

कादंबरीला मात्र हे सगळे लागते. माणसाचे घर लागते, त्याच्या खिशातले कागद लागतात, त्याचा शेजारी लागतो. आणि शेजारी इस्रायली असेल तर त्यालाही पानांत जागा द्यावी लागते. आपल्या वाचनाची अडचण इथूनच सुरू होते. गेल्या काही वर्षांत या विषयावरच्या कादंबऱ्या, बहुतेक इंग्रजी अनुवादांतून, मी वाचत आले. अरबीतल्या, हिब्रूतल्या आणि मुळात इंग्रजीत लिहिलेल्याही. लेखक वेगळे, पक्ष वेगळे, पिढ्या वेगळ्या. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. या कादंबऱ्यांत कोणीतरी दुसऱ्याचे नाव लावून जगत असते. कोणाचे नाव लहानपणीच बदललेले असते, कोणी दुसऱ्याचे ओळखपत्र मागून घेतो, कोणाला लोक भलत्याच जमातीचा समजतात. इतक्या लेखकांना एकच कल्पना सुचावी हा योगायोग मला वाटत नाही. या भूमीचे दुखणे नेमके कुठे आहे, ते या नावांच्या अदलाबदलीत दिसते असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात गस्सान कनफानी यांच्यापासून करावी लागते. ते समकालीन नाहीत हे खरे. १९३६ साली अक्का शहरात जन्म, १९४८ मध्ये निर्वासित, दमास्कसला निर्वासितांच्या शाळेत शिक्षक, पुढे पत्रकार आणि पॉप्युलर फ्रंट या लढाऊ संघटनेचे प्रवक्ते. ८ जुलै १९७२ रोजी बैरुतमध्ये त्यांच्या गाडीत बॉम्बस्फोट झाला. त्यांच्याबरोबर भाची लमीसही गेली. पण आजच्या अनेक कादंबऱ्यांच्या पाठीमागे त्यांची 'हैफाला परत' ही १९६९ ची छोटीशी कादंबरी उभी आहे. सईद आणि सफिया हे जोडपे १९६७ च्या जून महिन्यात, युद्धानंतर हद्द खुली झाल्यावर, रामल्लाहहून हैफाला आपले जुने घर पाहायला जाते. १९४८ च्या एप्रिलमधल्या धावपळीत त्यांचे पाच महिन्यांचे बाळ, खलदून, त्या घरात राहून गेलेले आहे. दार उघडते मिरियम, पोलंडहून आलेली यहुदी बाई. बाळ तिने वाढवले आहे. त्याचे नाव आता डोव आहे आणि तो इस्रायली सैन्याचा गणवेश घालून घरी येतो.

या कादंबरीतला एक तपशील मी विसरू शकत नाही. सईदच्या घरात लाकडी फुलदाणीत मोरपिसे होती, सात. आता पाच आहेत. घर गेले, मुलगा गेला, वीस वर्षे गेली, आणि हा माणूस विचारतो आहे की दोन पिसे कुठे गेली. आपल्या मालकीची वस्तू आपल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात नांदत राहिली हे दुःख याहून थोडक्यात सांगता येणार नाही. आणि मिरियम? कनफानींना तिला दुष्ट करणे सोपे होते. त्यांनी तिचा बाप आउशविट्झमध्ये मारला गेल्याचे लिहिले. हैफात आल्यावर हगानाच्या माणसांनी एका अरब मुलाचे प्रेत ट्रकमध्ये फेकलेले तिने पाहिले आणि तिला तिथून परत जावेसे वाटले, हेही लिहिले. म्हणून तिने घर सोडले का? नाही. ती राहिली. तिचे दुःख खरे आहे आणि घर तिचे नाही, या दोन्ही गोष्टी कनफानी एकाच खोलीत बसवतात. याच लेखकाने १९६७ मध्ये झायोनी साहित्यावर अभ्यासग्रंथ लिहिला होता. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्या कादंबऱ्या वाचल्याने आपण ढिले पडू असे त्यांना वाटले नाही. आपल्यातल्या काही मंडळींना मात्र हिब्रू लेखकाचे नाव घेतले तरी खटकते.

सुझान अबुलहवा यांची 'मॉर्निंग्ज इन जेनिन' (२०१०) आपल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलामुलींत सर्वांत लोकप्रिय आहे. तिची मूळ कल्पना कनफानींचीच. ऐन हौद या गावातले इस्माईल नावाचे बाळ १९४८ मध्ये एक सैनिक उचलून नेतो, छळछावणीतून वाचलेल्या आपल्या बायकोच्या ओटीत घालतो, आणि बाळ डेव्हिड होते. चेहऱ्यावर व्रण असतो. पुढे हा डेव्हिड नाक्यावर आपल्याच सख्ख्या भावाला मारहाण करतो. पुस्तक वाचताना डोळे भरून येतात हे कबूल केले पाहिजे. विशेषतः अमलचे वडील पहाटे मुलीला मांडीवर घेऊन कविता वाचतात ते प्रसंग. परंतु १९४८, १९६७, १९८२ ची साब्रा-शातिला, २००२ चे जेनिन, इतिहासातली प्रत्येक आपत्ती एकाच कुटुंबाच्या दारात आणून उभी केली की कादंबरीचा हजेरीपट होतो. आणि तो व्रण! हिंदी चित्रपटांतल्या हरवलेल्या भावांच्या अंगावर असतो तसा. कनफानींचा डोव आईबापांना तोंडावर सांगतो की तुम्ही माझे कोणी नाही. अबुलहवांचा डेव्हिड बहिणीला शोधत येतो. वाचकाला हायसे वाटते. मला ते हायसे वाटणेच संशयास्पद वाटते. रक्त शेवटी रक्ताला ओळखते हा दिलासा कनफानींनी वाचकाला दिला नव्हता.

लेबनीज कादंबरीकार इलियास खूरी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वारले. त्यांची 'बाब अल-शम्स' (१९९८) ही मोठी कादंबरी प्रसिद्ध आहे, पण मला इथे सांगायचे आहे ते 'घेट्टोची मुले: माझे नाव आदम' (२०१६) या कादंबरीबद्दल. लिद्दा या शहरातून १९४८ च्या जुलैमध्ये हजारो लोकांना उन्हातान्हात पायी हाकलण्यात आले. जे थोडे मागे राहिले त्यांना मशीद, चर्च आणि इस्पितळाच्या भोवतालच्या भागात तारेचे कुंपण घालून कोंडले गेले. पहारेकरी सैनिकच त्या जागेला घेट्टो म्हणत. हा शब्द त्यांनी युरोपातून आणला होता आणि त्याचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? त्या कुंपणात जन्मलेले पहिले मूल म्हणून नाव आदम. मोठेपणी हा आदम दन्नून हिब्रूत इतका मुरतो की लोक त्याला यहुदी समजतात. घेट्टोत जन्मलो असे तो सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात वॉर्सा येते, आणि तो दुरुस्ती करत नाही. खोटे एक अक्षरही बोललेले नाही, तरी आयुष्य खोटे झाले. आदम हे नावही असे की मशिदीत चालते आणि सिनेगॉगमध्येही. पुढे तो न्यूयॉर्कमध्ये फलाफल विकतो आणि वह्या लिहितो. कादंबरी फार पाल्हाळिक आहे. अरबी काव्याविषयीच्या सुरुवातीच्या प्रकरणांत पुष्कळ वाचक पुस्तक खाली ठेवतील. त्यांनी ठेवू नये. लिद्दाच्या प्रेतांची विल्हेवाट लावणाऱ्या तरुणांचे प्रकरण ज्या शांतपणे लिहिले आहे, त्या शांतपणासाठी आधीचा पसारा सोसावा.

लिद्दाचे आजचे नाव लोद. आणि इथे आपला मराठीचा संबंध येतो. अश्दोद, दिमोना, रामला याप्रमाणेच लोद हे कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींच्या वस्तीचे गाव आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलो अशी परंपरा सांगणारे, तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे हे शनिवार तेली. नवगावकर, किहीमकर, पेणकर अशी आडनावे लावणारे. मुंबईत १७९६ साली बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगला ते जुनी मशीद म्हणत. त्यांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. गंमत नव्हे, पण तिथेही त्यांना नावाचा पुरावा मागण्यात आला. तुम्ही अस्सल यहुदी कशावरून, असे म्हणून धर्मपीठाने त्यांच्या लग्नांत वंशाची चौकशी लावली. आंदोलन झाले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांचा दर्जा बरोबरीचा असल्याचे जाहीर केले. ज्या गावातून आदमचे लोक हाकलले गेले त्या गावात मराठीत भांडणारी, मराठीत कीर्तन ऐकणारी माणसे येऊन राहिली. त्यांनी कोणाला हाकलले नव्हते. त्यांना जिथे पाठवले तिथे ती गेली. परंतु रेवदंड्याहून लोदला गेलेल्या एखाद्या आजीने आपल्या गल्लीतली जुनी कमान पाहून हे कोणाचे होते असे विचारले असेल की नाही? ती कादंबरी मला मराठीत वाचायची आहे. ती लिहायला अरबी येण्याची गरज नाही.

सय्यद काशुआ यांचा प्रश्न मला, उर्दू माध्यमात शिकवणारी आणि मराठीत लिहिणारी म्हणून, जवळचा वाटतो. १९७५ साली तीरा या अरब गावी जन्म, शिक्षण जेरुसलेमच्या यहुदी निवासी शाळेत, लेखन सगळे हिब्रूत. म्हणजे सरकारच्या भाषेत. दोन्हीकडून शिव्या. यहुदी म्हणतात हा आमच्या भाषेत आम्हालाच नावे ठेवतो, अरब म्हणतात हा आमचे कपडे चव्हाट्यावर धुतो. आपल्यातल्या मराठी लेखकांना हे दोन्ही आवाज ओळखीचे वाटतील. त्यांच्या २०१० च्या कादंबरीत (इंग्रजीत 'सेकंड पर्सन सिंग्युलर') अमीर नावाचा गरीब अरब तरुण योनातान नावाच्या बेशुद्धावस्थेत पडून असलेल्या यहुदी मुलाची रात्रपाळीची शुश्रूषा करतो. आधी त्याचे संगीत ऐकतो, मग त्याचे कपडे घालतो, त्याचा कॅमेरा वापरतो. मग त्याच्या नावाने कलाशाळेत प्रवेश घेतो. आणि दुनिया एकदम सरळ चालू लागते. नोकरी मिळते, बसमध्ये कोणी हटकत नाही. काशुआ हे विनोदाने लिहितात, म्हणून जास्त लागते. मुस्लिम नाव ऐकल्यावर घर भाड्याने देणारा फोनवर थोडा थांबतो, तो थांबण्याचा अवधी आपल्यापैकी ज्यांनी मोजला आहे, त्यांना अमीरने नाव का बदलले हे समजावून सांगावे लागणार नाही. तरी एक फरक लक्षात ठेवावा. अमीरला यहुदी व्हायचे नाही, त्याला फक्त कोणी विचारू नये एवढेच हवे आहे. काशुआ २०१४ मध्ये कुटुंबासह अमेरिकेला निघून गेले.

आता उलट बाजू पाहू. दोरित राबिनयान या इस्रायली लेखिकेची 'गदेर हाया' (२०१४), इंग्रजीत 'ऑल द रिव्हर्स'. सुरुवातच अशी की न्यूयॉर्कमध्ये लिआत नावाच्या इस्रायली तरुणीच्या दारात अमेरिकेचे तपास अधिकारी येतात. ती कॉफीच्या दुकानात उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहीत होती, सावळी होती, कोणीतरी खबर दिली. म्हणजे हिब्रू लिहिणारीला लोकांनी अरब ठरवले! उर्दू शिकवणाऱ्याला हा प्रसंग वाचून हसू येते आणि मग येत नाही. पण पुढे काय होते? ती आपली खरी ओळख सांगते, अधिकाऱ्यांचे समाधान होते, ते निघून जातात. चुकीची ओळख तिच्या अंगावर काही मिनिटे बसली आणि उठली. अमीरची, आदमची तशी उठत नाही. या दोन प्रसंगांत मला सगळ्या प्रश्नाचे मोजमाप सापडते. दोन्ही बाजू दुःखी आहेत हे खरेच आहे. पण खरे नाव सांगून सुटका कोणाची होते आणि खरे नाव सांगून कोण अडकतो, हे पाहिल्याशिवाय दोन्ही बाजू असा शब्द उच्चारू नये.

पुढे लिआत आणि हिल्मी या फिलस्तीनी चित्रकाराचे प्रेम जमते. राबिनयान यांनी हिल्मीला फार गोड केला आहे, आणि तो जिवंत राहिला असता तर कादंबरीला ज्या अडचणीच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले असते ते त्याला याफाच्या समुद्रात बुडवून टाळले आहेत. परंतु या बेताच्या कादंबरीला इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने मोठे केले. शिक्षकांनी ती उच्च माध्यमिक वर्गांसाठी सुचवली होती. २०१५ च्या डिसेंबरात मंत्रालयाने ती नाकारल्याचे बाहेर आले. कारण काय, तर किशोरवयीन मुलांना राष्ट्रीय ओळख जपण्याचा व्यापक विचार करता येत नाही आणि अशा प्रेमामुळे वेगळेपण धोक्यात येते. बातमी फुटल्यावर पुस्तकाचा खप वाढला. अभ्यासक्रमातून काय वगळले जाते यावरून राज्यकर्त्यांना कशाची भीती आहे हे कळते, हे बी.एड. च्या पुस्तकात छापलेले नसले तरी प्रत्येक शिक्षकाला चार वर्षांत कळते. इथे मला वाटते, मंत्रालयाने कादंबरी आपल्या समीक्षकांपेक्षा बारकाईने वाचली होती.

डेव्हिड ग्रॉसमन यांची २००८ ची कादंबरी (इंग्रजीत 'टू द एंड ऑफ द लँड') या सर्वांपेक्षा वेगळ्या तोलाची आहे. ओरा या बाईचा मुलगा ओफेर मोहिमेवर जातो. मेल्याची बातमी घेऊन सैन्याची माणसे दारात येतील, आपण घरात नसलो तर बातमी देता येणार नाही, आणि बातमी दिली नाही तर तो मरणार नाही, या वेड्या हिशेबाने ती गालीलच्या डोंगरांत चालत सुटते. ही कादंबरी लिहून व्हायची होती तेव्हाच, १२ ऑगस्ट २००६ रोजी, लेबनॉनच्या युद्धात ग्रॉसमन यांचा मुलगा उरी रणगाड्यात मारला गेला. आई म्हणून वाचावी अशी ही कादंबरी आहे आणि तिच्यातली आई आपल्याला परकी वाटत नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते. पण माझे लक्ष खिळले ते सामी या अरब टॅक्सीचालकावर. ओरा मुलाला युद्धाला सोडायला जाताना त्याचीच गाडी बोलावते. वर्षानुवर्षांचा माणूस, घरच्यासारखा. आपल्या कौमवर चालून जाणाऱ्या फौजेकडे तो एका सैनिकाला पोचवतो आहे, हे तिच्या ध्यानातच येत नाही. येते तेव्हा उशीर झालेला असतो. ग्रॉसमन ओराला माफ करत नाहीत. सामी मग त्याच रात्री तिला एका आजारी फिलस्तीनी मुलाच्या कामाला जुंपतो, आणि त्या प्रवासात दोघांतला घरोबा किती पातळ होता ते उघडे पडते. एवढ्या मोठ्या कादंबरीत सामीच्या वाट्याला सुरुवातीची काही पाने येतात. नंतर डोंगर, फुले, ओराच्या आठवणी. सामी पुढच्या आसनावर बसून राहतो, रस्ता बघत. ही लेखकाची मर्यादा म्हणायची की त्याने दाखवलेले सत्य? मला वाटते दोन्ही.

कॉलम मॅकॅन या आयरिश लेखकाची 'अपैरोगॉन' (२०२०) पुष्कळांना आवडली. रामी एल्हानान यांची तेरा वर्षांची स्मदार १९९७ मध्ये जेरुसलेमच्या बाजारात आत्मघाती स्फोटात मेली. बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची अबीर २००७ च्या जानेवारीत शाळेबाहेर, गोळ्या-चॉकलेटच्या दुकानातून निघताना, सैनिकाने झाडलेल्या रबरी गोळीने मेली. दोघे बाप मित्र झाले आणि गावोगाव आपली कहाणी सांगतात. ही माणसे खरी आहेत. मॅकॅन यांनी 'अलिफ लैला'च्या हिशेबाने एक हजार एक तुकडे केले: पाचशेपर्यंत चढत, मग उतरत. मधे पक्षी, गणित, तारांगण, पोहणारे, डोंबारी. अबुलहवा यांनी या पुस्तकावर कडक टीका केली, की अन्याय सरळ आहे आणि लेखक त्याला गुंतागुंतीचा करतो. टीका मला निम्मी पटते. अबीरच्या दप्तरातली गोळ्यांची माळ इतक्या वेळा येते की शेवटी ती लेखकाची होते, मुलीची राहत नाही. पण बस्साम सतराव्या वर्षी तुरुंगात जातात, सात वर्षे काढतात आणि पुढे ब्रॅडफर्ड विद्यापीठात यहुद्यांच्या संहाराचा अभ्यास करतात, ही गोष्ट कोणत्याही कादंबरीकाराने रचलेली नाही. आणि स्मदारची आई नूरित पेलेद-एल्हानान यांनी इस्रायली शाळांच्या पाठ्यपुस्तकांत पॅलेस्टाईन कसे दाखवतात यावर २०१२ मध्ये ग्रंथ लिहिला. मुलगी गमावलेल्या बाईने नकाशे आणि धडे तपासायला घ्यावेत, याचा अर्थ एखाद्या शिक्षकानेच लावावा.

या सगळ्यांत मला सर्वश्रेष्ठ वाटते ती अदनिया शिबली यांची 'तफसील सानवी', म्हणजे 'किरकोळ तपशील' (अरबी २०१७, इंग्रजी २०२०). सव्वाशे पानांच्या आसपासची कादंबरी. तिच्यात मुलीला नाव नाही, अधिकाऱ्याला नाव नाही, शोध घेणाऱ्या बाईला नाव नाही. पहिल्या भागात १९४९ चा ऑगस्ट, नेगेवचे वाळवंट, सैन्याची एक तुकडी. बदाऊनी टोळीवर गोळीबार होतो, एक मुलगी आणि एक कुत्रा उरतो. मुलीचे पुढे काय होते ते मी लिहीत नाही. घटना खरी आहे, २००३ मध्ये 'हारेत्झ' या इस्रायली दैनिकाने ती उजेडात आणली. शिबली संताप दाखवत नाहीत. अधिकारी अंग कसे धुतो, साबण कुठे ठेवतो, पायाच्या चावलेल्या जागेवर पट्टी कशी बांधतो, एवढेच पुन्हा पुन्हा. स्वच्छतेचा इतका सोस असलेला माणूस, आणि कुजते आहे त्याचेच शरीर. मुलीच्या अंगाला पेट्रोलचा वास आणि रात्रभर कुत्र्याचे रडणे. वाक्ये पंचनाम्यासारखी कोरडी आहेत आणि म्हणून वाचकाला कुठे टेकायला जागा मिळत नाही.

दुसऱ्या भागात आजच्या काळातली रामल्लाहची एक बाई ती बातमी वाचते. मुलगी मेली त्या तारखेला बरोबर पंचवीस वर्षांनी आपण जन्मलो, या किरकोळ तपशिलाने ती अस्वस्थ होते आणि शोधाला निघते. पण निघायचे कसे? तिचे ओळखपत्र हिरवे, पश्चिम किनाऱ्याचे. ते तिला ठरावीक हद्दीपलीकडे जाऊ देत नाही. ती नोकरीतल्या मैत्रिणीचे ओळखपत्र उसने घेते, दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावे गाडी भाड्याने घेते, आणि दोन नकाशे शेजारी ठेवते: एक १९४८ पूर्वीचा, एक इस्रायली. पहिल्यावर गावेच गावे, दुसऱ्यावर त्याच जागी कोरा पिवळा रंग. ही बाई शूर नाही. सतत घाबरते, सतत तोतरी होते, नको तिथे थांबते. आपल्याकडच्या एखाद्या कवितेत तिला जागा मिळाली नसती, कारण ती कोणाचे प्रतीक व्हायला तयार नाही. शेवटी लष्करी हद्दीत सैनिक समोर येतात आणि ती घशाची कोरड घालवायला खिशातल्या च्युइंगगमकडे हात नेते. पुढे दोन ओळी. दुसऱ्याचे ओळखपत्र तिला नाक्यापलीकडे नेते, पण तिला वाचवत नाही. नावावर कोणी पाहिलेच नाही. हात खिशाकडे गेला एवढेच पाहिले.

या कादंबरीला २०२३ मध्ये जर्मनीचा लिबेरातूर पुरस्कार जाहीर झाला होता आणि तो फ्रँकफर्टच्या ग्रंथमेळ्यात द्यायचा होता. ७ ऑक्टोबरला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली, गाझावर युद्ध सुरू झाले, आणि संयोजकांनी समारंभ पुढे ढकलला. अब्दुलरजाक गुर्ना आणि ओल्गा तोकार्चुक या नोबेल विजेत्यांसह सहाशेहून अधिक लेखक-प्रकाशकांनी निषेधाचे पत्र काढले. १९४९ च्या एका मुलीची गोष्ट २०२३ च्या व्यासपीठाला जड झाली. आपल्याकडे त्या वादाच्या बातम्या पुष्कळांनी पुढे पाठवल्या. पुस्तक किती जणांनी उघडले?

शेवटची कादंबरी अरबी आहे आणि तिच्यात सारी सूत्रे एकत्र येतात. बासिम खंदकजी, जन्म नाब्लुस १९८३, २००४ पासून इस्रायलच्या तुरुंगात, जन्मठेपेच्या शिक्षा. 'आभाळाच्या रंगाचा मुखवटा' ही कादंबरी त्यांनी कैदेत लिहिली. निर्वासितांच्या छावणीतला नूर हा पुरातत्त्वाचा अभ्यासक बाजारातून जुना कोट विकत घेतो आणि त्याच्या खिशात ओर शपिरा नावाच्या इस्रायलीचे निळे ओळखपत्र निघते. त्या नावाने तो एका उत्खननात सामील होतो. ज्या मातीखाली आपल्या लोकांचे गाव गाडले आहे ती माती तो ओर म्हणून खणतो. हिब्रूत ओर म्हणजे प्रकाश. अरबीत नूर म्हणजे प्रकाश, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. नूर आतल्या ओरशी भांडत राहतो, आणि खंदकजी त्या ओरला गप्प बसवत नाहीत, त्याला उत्तरे देऊ देतात. जन्मठेपेच्या कैद्याने पहारेकऱ्याच्या जमातीतल्या माणसाला आपल्या कादंबरीत बोलायला एवढी जागा दिली! एप्रिल २०२४ मध्ये अबुधाबीला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या पुस्तकाला मिळाला तेव्हा लेखक कोठडीत होता, आणि तो प्रकाशक बाईंनी स्वीकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदीच्या अदलाबदलीत खंदकजी सुटले. सुटले, पण नाब्लुसला घरी जाऊ दिले नाही. त्यांना इजिप्तला पाठवण्यात आले.